मिरवणुकीपुरता कारबेटर

आमच्या भागात माणसं वर्षभर जन्मतात, पण शाळेच्या दफ्तरात सगळी एक जूनलाच जन्मलेली असतात. लेकराला शाळेत घालायला आलेल्या बापाला गुरुजी जन्मतारीख विचारायचे, बाप सांगायचा, ज्या साली ज्वारी काळी पडली त्या साली, आणि गुरुजी शांतपणे एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझी एक जून आहे. माझ्या बायकोची, शिलाचीही एक जूनच आहे. तिची आई भिकाबाई अजूनही तांड्यावर बसून सांगते की शिला दिवाळीच्या आदल्या दिवशी झाली आणि त्या गडबडीत तिच्या करंज्या करपल्या. पण सरकार करंज्यांचा पुरावा धरत नाही. त्यामुळे होतं असं, की एकतीस मेला निम्मा हिंगोली जिल्हा एका दमात सेवानिवृत्त होतो आणि त्या दिवशी मिरवणुकीसाठी उघडी जीप कुठंही मिळत नाही.

शिला जवळा बाजारला मुख्याध्यापिका. मी मराठीचा निवृत्त शिक्षक, प्रेमदास राठोड. तिच्या सेवापूर्ती सोहळ्याची सूत्रं शितल नावाच्या सर्वांत तरुण शिक्षिकेकडे होती. शाल, श्रीफळ, फेटा, बँड, शाळेपासून आमच्या घरापर्यंत मिरवणूक, सगळं तिनं ठरवलं होतं. फक्त जीप राहिली होती. तिनं औंढ्याला विचारलं, वसमतला विचारलं, पार हिंगोलीला विचारलं. सगळ्या जिपा एक जूनवाल्यांनी आधीच धरल्या होत्या. शेवटी ती आमच्या ओसरीवर येऊन हताश बसली, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, आपली फियाट आहे ना.

शितलनं शिलाकडं पाहिलं. शिलानं कपाकडं पाहिलं.

माझी फियाट क्रीम रंगाची आहे, जुनी आहे आणि माझ्या मते क्लासिक आहे. 'क्लासिक'ला मराठीत 'अभिजात' म्हणतात, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. शिला मात्र तिचा उल्लेख नुसता 'ती' असा करते, सवतीचा करावा तसा. तरीही त्या दिवशी ती रागावली नाही. तिनं कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "आणा. पण त्या दिवशी मी धक्का देणार न्हाई."

हे वाक्य समजायला आमच्या घरची श्रमविभागणी माहीत असायला हवी. फियाटला धक्का लागतो. धक्का देताना एक जण स्टीअरिंगवर लागतो आणि एक मागं. इंजिनाचा स्वभाव मला एकट्याला कळत असल्यामुळे स्टीअरिंगवर मी असतो, आणि मग मागं कोण, हा प्रश्न उरत नाही. शिलानं ती गाडी तिच्या माहेरी ढकललेली आहे, लग्नांच्या मांडवांसमोर काठापदराची साडी नेसून ढकललेली आहे, आणि एकदा जिल्हा परिषदेच्या दारात, शिक्षणाधिकारी वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघत असतानाही ढकललेली आहे. मी छातीवर हात ठेवला आणि शितलच्या साक्षीनं शब्द दिला. म्हणालो, त्या दिवशी तुझा हात डिकीला लागणार नाही. तू मागच्या सीटवर अधिकाऱ्यासारखी बसायचं आणि फक्त नमस्कार करायचे. शितल जायला निघाली तेव्हा शिलानं तिला एवढंच सांगितलं की मग फेटा जरा चांगल्या रंगाचा बघ. यावरून माझ्या लक्षात आलं की तिनं माझा शब्द खरा धरला आहे, आणि मला पहिल्यांदा थोडी भीती वाटली.

मिरवणूक म्हटली की पोलिसांची परवानगी आली. मी शुद्धलेखनाच्या सगळ्या नियमांसह अर्ज लिहिला आणि चौकीत घेऊन गेलो. जमादारांनी तो वाचला, किंवा निदान त्याच्याकडं पाहिलं, आणि विचारलं, वाहन कोणतं. मी सांगितलं. ते गाडीला ओळखत होते. ओळखत असल्यामुळेच म्हणाले की सर, हिची पीयूसी जोडा. मी म्हणालो, मिरवणूक पायी चालीनं जाणार, धूर असा कितीसा होणार. ते म्हणाले की गेल्या पोळ्याला तुम्ही चौकीपुढून गेला होतात, तेव्हा आम्ही दिवा लावला होता.

पीयूसीवाल्यानं आपली नळी फियाटच्या नळीत घातली आणि यंत्रानं जो आकडा दाखवला तो पाहून त्यानं आधी यंत्राला टपली मारली. मग त्यानं माझ्याकडं सहानुभूतीनं पाहिलं. काळा धूर आहे सर, तो म्हणाला, कारबेटर साफ करून आणा.

कार्बोरेटर हा शब्द आमच्याकडं कुणी पूर्ण उच्चारत नाही. तो कारबेटरच. पेट्रोल आणि हवा यांचं योग्य मिश्रण करून इंजिनाला पुरवणं एवढं त्याचं काम. नव्या गाड्यांत तो नसतो, ट्रॅक्टरांत कधीच नसतो, आणि आमच्या जवळा बाजारात नव्या गाड्या आणि ट्रॅक्टर सोडले तर मीच आहे. त्यामुळे या विषयातला माणूस मिळणं कठीण होतं. सल्ले देणारी माणसं मात्र घरबसल्या मिळाली.

पहिले आले शेजारचे भिवाजीराव खिल्लारे. ते वीज कंपनीत लाइनमन होते आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या गाडीचे विनापगारी सल्लागार आहेत. त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं, नाकानं दोन वेळा वास घेतला आणि निदान केलं की गाडीला हवा कमी पडून राहिली. मी लगेच चारही चाकांत हवा भरून आणली. ती हवा वेगळी, असं ते नंतर म्हणाले. मग हवा कुठली, तर आतली. आतली हवा कशी वाढवायची, यावर त्यांचं म्हणणं असं की ते मिस्त्रीचं काम आहे, आपण सुशिक्षित माणसांनी त्यात पडू नये. हे वाक्य मला लागलं. मी निवृत्त असेन, पण माझ्याकडं पाने आहेत, स्क्रू ड्रायव्हर आहे आणि मोबाइलवर व्हिडिओ बघता येतात. शिला शाळेत गेल्यावर मी तिची पुरणाची परात घेतली, अंगणात बाजेवर ठेवली आणि कारबेटर उतरवला.

उतरवणं फार सोपं असतं. हे कुठल्याही व्हिडिओत सांगत नाहीत की उतरवणं सोपं आहे म्हणून फुशारून जाऊ नका. फ्लोट निघाला, सुई निघाली, स्प्रिंगा निघाल्या, आणि काही वस्तू अशा निघाल्या की त्या आत होत्या याचं मलाच आश्चर्य वाटलं. मी प्रत्येक वस्तू पेट्रोलनं धुऊन परातीत मांडली. तेवढ्यात भिवाजीराव बघायला आले आणि बसण्यासाठी त्यांनी बाज आपल्याकडं ओढली. परात कलली आणि पितळी जेट घरंगळत गेलं. जेट म्हणजे पेट्रोल ज्यातून फवारतं तो बोटाच्या पेराएवढा तुकडा. ते गेलं कुठं, तर भिवाजीरावांनी अर्ध्या अंगणापर्यंत उशिराची हळद वाळत घातली होती, तीत.

वाळलेलं हळकुंड आणि पितळेचं जेट यांत रंगाचा फरक किती कमी असतो, हे मी आता अधिकारानं सांगू शकतो. आम्ही दोघं उकिडवे बसून हळकुंडं निवडू लागलो. येणारे जाणारे विचारायचे, काय शोधून राहिलात, आणि भिवाजीराव सांगायचे, सरांचं जेट हरपलं. जेट हा शब्द गावात विमानासाठी माहीत असल्यामुळे बातमी वेगळ्याच रूपात फिरली. दुपारी शितलचा काळजीचा फोन आला की मॅडमना काही हवाई सरप्राइज देणार आहात का. संध्याकाळी शिला घरी आली तेव्हा मी कोपरापर्यंत पिवळा झालो होतो. तिनं मला पाहिलं, परातीला पाहिलं, परातीचा वास घेतला, आणि हळदीत वाकून पहिल्याच मुठीत जेट काढून दिलं. परात तिनं विहिरीमागं नेऊन ठेवली. ती अजून तिथंच आहे.

आता जोडायचं होतं. इथं माझा अभिमान संपला आणि मी ग्यानबा मिस्त्रीला बोलावलं. ग्यानबा मोटारसायकली दुरुस्त करतो. तो आत्मविश्वासाच्या बाबतीत जिल्ह्यात पहिला आहे. आपण कार कधी उघडलेली नाही, हे त्यानं मोठ्या आवाजात सांगितलं आणि पुढं म्हणाला की इंजिन म्हणजे इंजिन असतंय, चाकं दोन का चार ते इंजिनाला कुठं कळतंय. त्याची एकच पद्धत होती. कोणताही भाग तोंडाला लावायचा, डोळे मिटायचे आणि जोरात फुंकायचं. फुंकून झालं की 'कचरा होता' असं म्हणायचं. त्यानं जेट फुंकलं, नळ्या फुंकल्या आणि सवयीनं माझा चष्मासुद्धा फुंकून दिला. सगळं जोडून झाल्यावर दोन स्क्रू उरले. ते जास्तीचे असतात, असं सांगून त्यानं ते खिशात टाकले.

आणि गाडी सुरू झाली. धक्क्याशिवाय, सेल्फवर. धूर जवळजवळ नाहीच. शिला स्वयंपाकघरातून बाहेर आली, दारात उभी राहिली आणि ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं त्याला कौतुकच म्हणता येईल. पीयूसी मिळाली, परवानगी मिळाली. मी फियाटला पॉलिश केलं. मला गाडीच्या बॉनेटमध्ये माझा चेहरा दिसत होता आणि तो मला बरा वाटत होता.

एकतीस मेला सकाळी ग्यानबाचा फोन आला. तो शिरड शहापूरच्या एका गुरुजींच्या सेवापूर्तीला जीपबरोबर गेला होता, कारण तेही एक जूनवालेच. त्याच्यामागं बँजो वाजत होता आणि तो ओरडून बोलत होता. म्हणाला, "सर, मिरवणुकीत पायपायी चालायचंय ना, मंग निघायच्या आधी स्लो वाढवून घ्या. कारबेटरच्या बाजूचा स्क्रू. इसरू नका, न्हाई तर तकलीफ होईल."

आता तुम्हीच सांगा. स्लो म्हणजे मंद. स्लो वाढवणं म्हणजे मंदपणात वाढ करणं. मिरवणूक मंद चालणार, म्हणून मंदपणा वाढवा. वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी होतं. अर्थाबद्दल शंका घ्यायला मला कुठं फटच दिसली नाही. मी बॉनेट उघडलं, तो स्क्रू शोधला आणि इंजिन चालू ठेवून तो सैल करत गेलो. आवाज उतरत गेला. शेवटी शेवटी ते इतकं हळू धडधडायला लागलं की शेजारी भिवाजीराव जपमाळ ओढत असल्यासारखं वाटावं. मी स्वतःवर खूश झालो. हात पुसले आणि नवा शर्ट घातला.

मिस्त्री लोकांच्या भाषेत 'स्लो' म्हणजे गाडी जागेवर उभी असताना इंजिन ज्या गतीनं चालतं ती गती, आणि ती वाढवायची म्हणजे वाढवायची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाकी सगळ्या जगाला ते माहीत होतं, असं नंतर कळलं. भिवाजीरावांना माहीत होतं. जमादारांना माहीत होतं. पीयूसीवाल्याचं तर सगळं पोट त्याच्यावरच होतं.

समारंभ छान झाला. शिला शांत आवाजात बोलली आणि ज्या मुलींना तिनं घरी जाऊन जाऊन शाळेत परत आणलं होतं, त्यांतल्या दोघीतिघी आपापली लेकरं काखेत घेऊन रडल्या. डोक्यावर गुलाबी फेटा, गळ्यात हार, अशी ती मागच्या सीटवर येऊन बसली. मागची काच खाली होती. तिनं हात बाहेर काढून नमस्कार केला आणि मी तिच्याकडं आरशातून पाहिलं. ती खरोखरच अधिकारी दिसत होती. बँडनं सुरुवात केली, शितलनं हात हलवला आणि मी क्लच सोडला.

गाडी चार पावलं गेली आणि बंद पडली. मी सेल्फ मारला. सुरू झाली, चार पावलं गेली, बंद पडली. बँडवाल्यांना वाटलं, थांबून नाचायचं आहे, म्हणून ते थांबून वाजवायला लागले. शाळेपासून बाजारापर्यंत आमची अशी वाटचाल झाली. दर चार पावलांवर लोक नाचायचे, मी सेल्फ मारायचो आणि मागून शिलाचे नमस्कार येणाऱ्या जाणाऱ्यांना तेच तेच दुसऱ्यांदा मिळायचे. नेमका बाजाराचा दिवस. कापडवाले, भाजीवाले, बियाणं घ्यायला आलेले शेतकरी, सगळे दोन्ही बाजूंनी उभे. बाजाराच्या बरोबर मध्यावर सेल्फ कण्हला आणि गप्प झाला. बॅटरी संपली होती.

बँड आपोआप थांबला. कुणीतरी म्हणालं, धक्का मारा. आणि मग माझ्या तोंडून, मी शपथेवर सांगतो, नुसत्या सवयीनं, जसं झोपेत कूस बदलावी तसं वाक्य निघालं.

"शिला, जरा उतर."

ते माझ्याच कानावर पडलं तेव्हा मी स्टीअरिंग घट्ट धरलं. मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. शितलनं तोंडाला हात लावला. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. इतकी वर्षं नोकरी करून, फेटा बांधून, भर बाजारात, ती आता गाडीच्या मागं जाणार. मला फार लाज वाटली.

ती मागं गेली नाही. फेटा सावरत ती पुढं आली, माझं दार उघडलं आणि म्हणाली, "तुमी उतरा."

मी उतरलो. ती बसली. हार आडवा येत होता म्हणून तिनं तो काढून माझ्या गळ्यात घातला. चावी फिरवून ठेवली, क्लच दाबला, दुसरा गिअर टाकला आणि आरशातून माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी मागं गेलो. त्या गाडीची डिकी मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहत होतो. ती उन्हानं चटका देत होती. भिवाजीराव आले, जमादार आले, बँडमधला ढोलवाला आला, आणि आम्ही धक्का मारला. त्यातच माझ्या खिशातला फोन वाजला आणि चुकून उचलला गेला. ग्यानबा खिशातून ओरडत होता, "सर, स्लो वाढवला ना? मी वाढवा म्हणलं होतं, उलटा फिरवू नका." ते सगळ्यांनी ऐकलं. भिवाजीराव हसता हसता ढकलायचे थांबले, त्यामुळे त्यांच्या वाट्याचा भार माझ्यावर आला.

शिलानं क्लच सोडला. फियाटनं एक आचका दिला, ती खोकली आणि सुरू झाली. शिलानं रेस दिली. गाडी पुढं गेली, आणखी पुढं गेली आणि थांबली नाही. थांबली असती तर बंद पडली असती, हे तिला कळत होतं. बँडवाले वाजवत वाजवत थोडं पळाले, मग नुसतेच पळाले, मग थांबले. आमच्या गल्लीचं वळण आलं तेव्हा गाडी वळली नाही. शिरड शहापूरच्या रस्त्याला गुलाबी फेटा काही वेळ दिसत राहिला आणि मग धूळ तेवढी उरली.

मी गळ्यात हार घालून पायी घरी आलो. दारात औक्षणाला उभ्या असलेल्या बायका गोंधळल्या आणि त्यांतल्या एकीनं मलाच ओवाळलं. मी पायरीवर बसलो. भिवाजीरावांनी पाणी आणून दिलं आणि विचारलं, "काहून हो सर, मॅडमला गाडी येते हे तुमाला ठाऊक नव्हतं?" मी न्हाई म्हणालो. ते म्हणाले, आमाला व्हतं.

ऊन उतरत आलं तेव्हा गाडीचा आवाज आला. शिला दारात येऊन थांबली, पण रेसवरचा पाय तिनं काढला नाही. फेटा तसाच होता. चेहरा धुळीनं माखला होता आणि ती इतकी खूश दिसत होती की मला तिच्या पहिल्या पगाराचा दिवस आठवला. तांड्यावर जाऊन आईला फेटा दाखवून आले, म्हणाली. मी विचारलं, कधी शिकलीस. ती म्हणाली, "शितलबरोबर डायव्हिंगचा क्लास लावला व्हता. लायसनबी काढलंय. तुमाला इचारलं असतं तर तुमी कारबेटरपासून सुरू केलं असतं."

मी खरोखरच तिथून सुरू केलं असतं. मी पायरीवरून उठून सवयीनं तिच्या बाजूच्या दाराशी गेलो आणि उभा राहिलो. ती हलली नाही. इंजिन चालू होतं. मग मी बॉनेटला वळसा घालून पलीकडं गेलो आणि तिच्या शेजारच्या सीटवर बसलो. ती सीट तव्यासारखी तापली होती. घामानं मानेवरच्या हारातली फुलं अंगाला चिकटायला लागली. मी काच खाली करायचा दांडा फिरवला. तो नुसता फिरत राहिला. उलटा फिरवून पाहिला. काच जागची हलली नाही.

"ही काच खाली होत न्हाई का?" मी विचारलं.

"न्हाई."

"कवापासून?"

"घेतली तवापासून," शिला म्हणाली आणि तिनं गिअर टाकला.